पाणवठा आणि वावर : डॉ. पंजाबराव देशमुखांचे जीवनकार्य



नागपुरात लकडगंजला सागवानाच्या टाली आणि आरा मशीन आहेत. घराची चौकट करायची, दारं-खिडक्या बसवायच्या म्हटलं की आजूबाजूच्या तालुक्यांतला शेतकरी इकडेच येतो. शेजारीच इतवारीचा बाजार आहे, त्यामुळे एका फेरीत दोन कामे होतात. मागच्या उन्हाळ्यात इथल्या एका टालीवर लाकूड चिरून होण्याची वाट पाहत बसलेले एक वयस्कर शेतकरी भेटले. त्यांच्या पिशवीत दोन कागद होते. एक सोसायटीचा, पीककर्जाच्या व्याज सवलतीचा. दुसरा नातवाच्या कॉलेजचा, वसतिगृह निर्वाह भत्त्याचा. दोन्ही कागदांवर एकच नाव छापलेले होते : डॉ. पंजाबराव देशमुख. हे देशमुख साहेब सध्या कोणत्या खात्याला आहेत, त्यांना भेटलं तर काम लवकर होईल काय, असे त्यांनी मला अगदी सरळपणे विचारले.

हसू नका. भाऊसाहेबांना जाऊन साठ वर्षे झाली. त्यांचे नाव अर्जावर आहे, योजनेवर आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या फाटकावर आहे. पण माणूस कोण होता, त्याने नेमके काय केले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आम्ही शेतकी पदविकेची मुले ते नाव रोज वाचायचो, पण त्यापलीकडे फारसे काही माहीत नव्हते. म्हणून आज खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून या एका माणसाची हकीगत सांगतो. वाचून झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की विषय काही फार बाजूला गेलेला नाही.

पापळचा मुलगा

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी झाला. वडिलांचे नाव शामराव, आईचे राधाबाई. घराणे शेतकऱ्याचे. घरी वावर होते, गावात मान होता, पण रोख पैसा बेताचाच. गावातली शाळा संपली आणि पुढच्या शिक्षणासाठी गावोगाव हिंडणे सुरू झाले. चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असे करत मॅट्रिक झाले. नंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथला अभ्यासक्रम पुरा न करताच १९२० मध्ये ते विलायतेला निघाले.

आजही मुलाला पुण्याला ठेवायचे तर बापाच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या काळी वऱ्हाडातल्या एका खेड्यातला शेतकरी मुलाला साता समुद्रापलीकडे पाठवतो म्हणजे काय, याचा विचार करा. पैशाची तजवीज जमिनीच्या जोरावरच करावी लागली. कर्जाचा बोजा म्हणजे काय असतो, हे पंजाबरावांना पुस्तकातून शिकायची गरज पडली नाही.

एडिंबरा आणि ऑक्सफर्ड इथे ते शिकले. एम.ए. झाले, बॅरिस्टर झाले आणि डॉक्टरेटही मिळवली. डॉक्टरेटचा विषय शेतीचा नव्हता, कायद्याचाही नव्हता. वैदिक वाङ्मयातला धर्म कसा उगम पावला आणि कसा वाढला, हा तो विषय. शेतकऱ्याच्या पोराने संस्कृतात वेद वाचले आणि त्यावर प्रबंध लिहिला. पुढे त्याचे पुस्तकही निघाले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे देवळाच्या दाराशी हेच शिक्षण कामी येणार होते. धर्मात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज राहिली नव्हती.

१९२७ चे साल

१९२६ मध्ये ते परत आले आणि अमरावतीला वकिली सुरू केली. बॅरिस्टर म्हटल्यावर बंगला, गाडी आणि बड्या अशिलांची कामे हा रस्ता मोकळा होता. त्यांनी मात्र पहिल्या वर्षभरातच तीन कामे अशी केली की नातेवाईक आणि जातवाले दोघेही अवघडले.

पहिले काम वसतिगृहाचे. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाची ती सोय होती. त्या काळी जातीजातींची वसतिगृहे निघत होती आणि आपल्या जातीच्या मुलांसाठी काही केले की लोक वाहवा करत. श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. त्यात अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलेही होती. एका छपराखाली झोपणे आणि एका पंगतीला जेवणे ही आज साधी गोष्ट वाटते. त्या वेळी ती साधी नव्हती.

दुसरे काम स्वतःच्या लग्नाचे. १९२७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. विमलाबाई सोनार समाजाच्या, पंजाबराव कुणबी-मराठा समाजाचे. दुसऱ्याच्या देवळाचे आणि विहिरीचे कुलूप उघडायला निघालेल्या माणसाने आधी आपल्या घराचे कुलूप काढले, असे म्हणता येईल. विमलाबाई नुसत्या घरधनीण राहिल्या नाहीत. कार्यात बरोबरीने वावरल्या आणि पुढे राज्यसभेच्या सदस्यही झाल्या.

तिसरे काम अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाचे. ते साल महाराष्ट्रभर गाजलेले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला वऱ्हाडातल्या अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेबच होते आणि अंबादेवीच्या दर्शनाचा हक्क हा मुख्य प्रश्न होता. पंजाबराव या चळवळीत उघडपणे पुढे उभे राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वऱ्हाड-नागपुरात ही जागृती कोणा उच्चशिक्षित पाटील-देशमुखाने सुरू केलेली नाही. ज्यांना देवळाबाहेर उभे केले होते, त्यांनीच ती सुरू केली. आपल्या नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी त्याच्या कितीतरी वर्षे आधी दलित मुलींसाठी शाळा काढली. जाईबाई चौधरींनी हमाली करत शिक्षण घेतले आणि १९२० च्या दशकात मुलींची शाळा चालवली. अमरावतीकडे गणेश आकाजी गवई झटत होते. पंजाबरावांचे मोठेपण वेगळे आहे. ज्या समाजाला विहीर खुली होती, देऊळ खुले होते, त्या समाजात ते जन्मले होते. गप्प बसले असते तर त्यांचे काहीच बिघडले नसते. तरी ते गप्प बसले नाहीत.

विहिरीचा आणि शाळेचा हिशेब

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद समजा. भाषणे करणाऱ्याच्या हाती आता कलम आणि तिजोरी आली. पुष्कळ लोक इथे बदलतात. खुर्ची मिळेपर्यंत सगळ्यांचे असतात, मिळाल्यावर थोड्यांचे होतात.

पंजाबरावांनी दोन निर्णय घेतले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आणि शिक्षणासाठी कर वाढवला. दोन्ही निर्णय मतांच्या दृष्टीने तोट्याचे होते. विहिरीच्या निर्णयाने गावातला वरचा वर्ग दुखावणार आणि कराच्या निर्णयाने सगळेच कुरकुरणार. पण कर कशासाठी? जिल्ह्यातल्या खेड्यात शाळा व्हावी यासाठी. ज्याला मुलगा अमरावतीला ठेवणे परवडते त्याला गावच्या शाळेची फारशी गरज नसते. गरज सालदाराच्या आणि अल्पभूधारकाच्या पोराला असते.

आपल्या ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी इथे जरा थांबून विचार करावा. विहीर खुली आहे असा कागद काढला म्हणजे विहीर खुली होते काय? नाही होत. कागदानंतरही पहिली घागर कोण बुडवणार आणि त्या वेळी शेजारी कोण उभा राहणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून पंजाबरावांनी नुसत्या ठरावावर विसंबून न राहता वसतिगृह आणि शाळा जोडीला ठेवल्या. एका पंगतीला जेवलेली पोरे मोठी होऊन गावी जातील, तेव्हा ठराव खरा होईल, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत तिच्या शाळा-कॉलेजे पसरली. नागपूरच्या काँग्रेसनगरातले शिवाजी विज्ञान महाविद्यालयही याच संस्थेचे. तुमच्या गावातला एखादा गुरुजी, तलाठी, कृषी सहायक किंवा डॉक्टर या संस्थेत शिकलेला नाही, असे गाव विदर्भात शोधावेच लागेल.

नागपूरचे मंत्रिपद

त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. १९३० मध्ये पंजाबराव प्रांताचे मंत्री झाले. शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. वय बत्तीसच्या आसपास.

दिवस फार वाईट होते. १९२९ पासून जगभर मंदी आली आणि कापसाचे, धान्याचे भाव कोसळले. सावकाराचे कर्ज मात्र जुन्याच आकड्यावर उभे. व्याज चढत गेले आणि वावरे सावकाराच्या नावावर जाऊ लागली. अशा वेळी १९३३ मध्ये प्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला. देशात या प्रकारचा हा पहिलाच कायदा मानतात आणि त्यामागे पंजाबरावांची खटपट होती.

कायद्याची रीत समजून घ्या. सरकारने लवाद मंडळे नेमली. कर्जदार आणि सावकार दोघांना समोर बसवायचे, खरे मुद्दल किती, व्याज किती, शेतकऱ्याची ऐपत किती, हे पाहायचे आणि तडजोडीने रक्कम कमी करून हप्ते बांधून द्यायचे. सक्ती नव्हती, समजुतीवर भर होता. त्यामुळे सगळ्यांचे कर्ज फिटले असे नाही. पण ज्या शेतकऱ्याला सावकाराच्या ओट्यावर खाली मान घालून बसावे लागे, त्याला पहिल्यांदा समोरासमोर बसून हिशेब विचारता आला. विहिरीचा प्रश्न आणि कर्जाचा प्रश्न वरून वेगळे दिसतात. खोलात गेले तर दोन्हीकडे एकच सवाल आहे : कोणी उभे राहायचे आणि कोणी बसायचे.

याच काळात त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीबाबतचे विधेयकही मांडले. देवळांकडे जमलेल्या संपत्तीचा हिशेब लोकांपुढे यावा आणि ती लोकोपयोगी कामाला लागावी, हा त्यामागचा विचार. विरोध झाला. १९३३ मध्ये ते मंत्रिपदातून बाहेर पडले.

घटना समितीत

स्वातंत्र्याच्या वेळी पंजाबराव घटना समितीचे सदस्य होते. तिथे त्यांनी दोन बाजू लावून धरल्या. एक शेतकऱ्याची आणि दुसरी मागासलेल्या जातींची. अनुसूचित जाती-जमातींच्या पलीकडे माळी, तेली, कुणबी, धनगर, कोष्टी, न्हावी अशा कष्टकरी जातींचा मोठा समाज आहे. तोही शिक्षणात आणि नोकरीत मागे आहे, त्यालाही वाटा मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९५० मध्ये अखिल भारतीय मागासवर्गीय संघटना निघाली, तिचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. घटनेच्या कलम ३४० मध्ये मागासवर्गीयांसाठी आयोग नेमण्याची तरतूद आहे. त्यानुसार १९५३ मध्ये काका कालेलकरांचा पहिला आयोग नेमला गेला. पुढे १९७९ चा मंडल आयोग आला, १९९३ पासून केंद्राच्या नोकऱ्यांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ज्यांना याचा लाभ मिळाला, त्यांनी पापळच्या या माणसाची आठवण ठेवावी. एवढीच दुसरीही आठवण ठेवावी की, त्याने स्वतःच्या समाजाचा वाटा मागताना शेजारच्याच्या वाट्याला हात लावला नाही. आधी त्याच्यासाठी विहीर उघडली, मग स्वतःसाठी मागितले.

दिल्लीत शेतीखाते

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते अमरावतीतून लोकसभेवर गेले. १९५७ आणि १९६२ मध्येही निवडून आले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात शेतीखात्याचे मंत्री होते.

देशात धान्याची टंचाई होती. त्यावर उपाय म्हणून भात लागवडीच्या जपानी पद्धतीची मोहीम त्यांनी धडाक्याने चालवली. भंडारा, गोंदिया, रामटेककडच्या जुन्या धानउत्पादकांना हे नाव आठवत असेल. गादीवाफ्यावर रोप तयार करायचे. बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे काढून टाकायचे. रोवणी दोरी लावून ओळीत करायची, एका चुडात थोडीच रोपे लावायची. ओळीतून कोळपता येते, म्हणून निंदण सोपे होते. खताची मात्रा वाढवायची. आज आम्ही जे सांगत फिरतो, त्यातले पुष्कळ या मोहिमेतच आले होते.

हेही कबूल केले पाहिजे की, ज्याच्याकडे पाणी होते आणि खताला पैसा होता, त्याला ही पद्धत लवकर साधली. कोरडवाहूवाला आणि बटईवाला मागे राहिला. पद्धत चांगली असून भागत नाही. पाणी, पत आणि माहिती ज्याच्या दारापर्यंत पोचते, त्याचेच पीक वाढते.

शेतकऱ्याची पक्षाबाहेरची संघटना असावी म्हणून १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन सुरू झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या प्रसंगी हजर होते. परदेशांचे मंडप लागले होते, यंत्रे मांडली होती. बाहेरच्या जगातली शेती आपल्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहावी, ही त्यामागची तळमळ. जगाची शेती पाहायला ज्याला बोटीने जावे लागले, त्याने ती इतरांसाठी दिल्लीत आणून ठेवली.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर विदर्भात कृषी विद्यापीठासाठी आंदोलन झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला विद्यापीठ सुरू झाले. त्याला त्यांचे नाव मिळाले. १९०६ पासून असलेले आपले नागपूरचे कृषी महाविद्यालयही त्याच विद्यापीठाचा भाग आहे.

आता आपल्या गावाचा हिशेब

अमरावती जिल्ह्याच्या मातीने त्या काळात तीन माणसे दिली. शेंडगावचे गाडगेबाबा, यावलीचे तुकडोजी महाराज आणि पापळचे पंजाबराव. एकाने खराटा घेतला, एकाने खंजिरी, एकाने कायद्याचे पुस्तक. तिघांनी सांगितले ते एकच : गावातला एकही माणूस वगळून गाव पुढे जात नाही.

आता मी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत पीक प्रात्यक्षिकाचे प्लॉट मी नेहमी सडकेला लागून असलेल्या वावरातच घेतले. साहेबांना गाडीतून उतरून दाखवायला सोपे पडते. सभाही ज्याचा ओटा मोठा, त्याच्याच घरी. चहा मिळतो, सतरंजी मिळते. एकदा जुन्या हजेरीच्या याद्या चाळल्या, तर चार वर्षे तीच पंधरा-वीस नावे. त्यात एकही बाई नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतले एकही नाव नाही. मी कोणाला येऊ नका म्हटले नव्हते. पण त्या ओट्यावर कोण चढू शकतो आणि कोण नाही, हे मी विचारलेही नव्हते. विहिरीवर पाटी लावून माणसाला अडवता येते, तसे पाटी न लावताही अडवता येते.

तेव्हापासून सभा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत घेतो. एक प्लॉट सडकेचा, तर एक आतल्या धुऱ्याचा. निंदण, वेचणी, रोवणी जिच्या हातची, त्या बाईला फवारणीचे आणि बियाण्याचे शिक्षण देतो. याने काही क्रांती झाली नाही. पण यादीत नवी नावे आली आणि त्यातल्या काहींचे पीक जुन्या नावांपेक्षा चांगले निघाले.

तुम्हीही आपापल्या गावाचा हिशेब मांडून पहा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी पाहावे : नळयोजनेचे पाणी शेवटच्या वस्तीला तेवढ्याच दाबाने पोचते काय? ग्रामसभेची दवंडी तिथपर्यंत जाते काय? स्मशानभूमीचा रस्ता सगळ्यांसाठी आहे काय?

सोसायटीच्या सचिवांनी पाहावे : बटईने वावर करणाऱ्याच्या नावे ७/१२ नाही, म्हणून तो कर्जाला नाही, सवलतीला नाही. त्याच्यासाठी कोणता मार्ग निघतो, हे त्याला कोणी समजावून सांगितले काय?

शेतकरी बंधूंनी पाहावे : घरच्या लक्ष्मीचे नाव ७/१२ वर आहे काय? सालदाराची पोरगी दहावीनंतर घरी बसली असेल, तर तिचा वसतिगृहाचा किंवा भत्त्याचा अर्ज कोणी भरून दिला काय? अल्पभूधारकाच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी तो भत्ता आहे, आणि त्यावर नाव भाऊसाहेबांचेच आहे.

लकडगंजच्या टालीवरच्या त्या काकांना मी सांगितले की देशमुख साहेब आता भेटायचे नाहीत, पण तुमच्या पिशवीतले दोन्ही कागद त्यांच्याच कामाचे वारस आहेत. एक कर्जाचा, एक वसतिगृहाचा. काकांनी कागद पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेऊन ते नाव वाचले. मग म्हणाले की आपल्या गड्याचा पोरगाही कॉलेजला आहे, त्याचाही अर्ज याच पिशवीतून नेतो. लाकूड चिरून झाले होते, ते उठले.

२७ डिसेंबरला भाऊसाहेबांची जयंती येते. त्या दिवशी फोटोला हार घाला, नक्की घाला. पण त्याआधी गावातला एक अर्ज असा भरून द्या, जो तुमच्या घरचा नाही.